शंभरी मावशींची मोजणी

शंभरी मावशींसमोर कुणी ‘साधारण’ हा शब्द उच्चारला की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. भाजीवाल्याने ‘साधारण किलोभर असेल’ म्हणून पुढे केलेली पिशवी त्या परत तराजूवर चढवायला लावत. ‘आमच्या लग्नाला शंभरेक माणसं होती’ असं त्यांच्या नवऱ्याने चारचौघांत सांगितलं, की आतून आवाज यायचा, “एकशे सतरा. आणि त्यातले चार आगंतुक.” लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली, पण आकडा काही हलला नाही.

दोष त्यांचा नव्हे, कामाचा. शेती महाविद्यालयाच्या मागच्या इमारतीत, जिन्याखालून डावीकडे वळलं की बियाणं तपासणीची खोली लागते. तिथे मावशी एकतीस वर्षं बिया मोजत होत्या. आसपासचे शेतकरी आणि रोपवाटिकावाले पेरणीआधी आपलं बियाणं पिशवीतून घेऊन यायचे. मावशी त्यातले शंभर दाणे ओल्या कागदावर दहा ओळींत दहा-दहा मांडायच्या, वरून दुसरा ओला कागद घालून गुंडाळी करायच्या आणि उबेच्या कपाटात उभी ठेवायच्या. सात-आठ दिवसांनी गुंडाळी उलगडायची आणि मोजायचं. धडधाकट रोपं किती, अधू किती, मेलेले दाणे किती. असं एकेका पिशवीचं चारदा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, फक्त इथे शितं चारशे असायची. मग सही-शिक्का झाला की माणूस ठरवायचा, ही पिशवी रानात पेरायची की कोंबड्यांपुढे टाकायची. पोरांनी त्यांना शंभरी मावशी हे नाव ठेवलं ते यामुळे. पगारपत्रकावर दुसरं काही नाव असेल, पण त्या नावाने हाक मारली असती तर मावशींनीही वळून पाहिलं नसतं.

एकदा एक बियाणं विक्रेता एकोणऐंशीचे ऐंशी करून घ्यायला आला होता. ऐंशीला पिशवी पास होते. “एका दाण्याचा तर प्रश्न आहे ताई,” तो म्हणाला. मावशींनी गुंडाळी त्याच्यासमोर पसरली आणि हातात चिमटा दिला. “मग तो एक दाणा दाखवा. सापडला की लिहिते.” गडी तास दीड तास वाकून शोधत बसला. शेवटी कंबर धरून उठला, चहा न घेता गेला आणि पुढच्या वर्षी चांगलं बियाणं घेऊन आला. ही गोष्ट मावशी स्वतः कधी सांगत नसत. त्यांचा नवरा सांगायचा, गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता.

नवरा शिंपी. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. संध्याकाळी मावशींची चप्पल उंबऱ्याशी वाजली की मशीनवरून मान न उचलता ते विचारायचे, “आज किती?” मावशी आकडा सांगायच्या. शहाण्णव म्हटलं की शिंपीकाका “वा!” म्हणायचे, पन्नास म्हटलं की “अरेरे,” आणि मशीन पुढे चालू. बियाणं कुणाचं, कसलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पण विचारल्याशिवाय एकही संध्याकाळ गेली नाही. संसार असाच चालतो.

आता मावशी निवृत्त व्हायला पाच महिने राहिले होते आणि खोली बंद पडायच्या बेतात होती. प्राचार्यांनी जागेची जाहिरात दोनदा दिली, पण दिवसभर कोंब मोजायला यायचं कुणाच्या मनात? जे आले त्यांना मावशींनी परत पाठवलं. “मावशी, तुम्हाला कुणी पसंतच पडत नाही,” प्राचार्य वैतागून म्हणाले. “आता पोरांचा रोजगार मेळावा आहे. तिथे तुम्ही योग्य म्हणाल असं एक माणूस मिळालं तर ठीक. नाहीतर त्या खोलीची मी बैठकीची खोली करतो. नमुने टपालाने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवू.”

बैठकीची खोली! टपालाने गेलेला नमुना परत यायला महिना लागतो, आणि पेरणी काही टपालासाठी थांबत नाही. पण खरं सांगायचं तर त्यांना शेतकऱ्यांपेक्षा त्या खोलीचंच जास्त वाटलं. उत्तरेच्या खिडकीखालचं लांब टेबल, कपाटाची घरघर, उलगडलेल्या गुंडाळीतून येणारा तो ओला, हिरवा वास. तिथे लोक बसून बिस्किटं खाणार आणि साधारण बोलणार.

माणसं पसंत पडत नसत त्याला कारण होतं. मावशींची एक परीक्षा होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. नवख्याला त्या शंभराची एक गुंडाळी मोजायला देत. स्वतः आधीच मोजून आकडा चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठी बरणीखाली सरकवलेली असे. नवखा म्हणायचा, “मावशी, चौऱ्याऐंशी.” मावशी चेहरा कोरा ठेवून म्हणायच्या, “असं? मला नव्वद आले.” की लगेच, “हो का? मग नव्वदच असतील, माझं चुकलं असेल!” झालं. आजवर पाच जण आले, पाचही घसरले. त्यांचा स्वतःचा मुलगासुद्धा एका सुट्टीत घसरला होता. “तू म्हणशील तेवढे, आई,” म्हणाला. आता तो फोनच्या दुकानात विक्री करतो आणि उत्तम चाललंय त्याचं. मावशींचा त्याच्यावर जीव आहे, पण मोजणीला त्याला त्यांनी पुन्हा बसवलं नाही.

तर तो मेळावा. शाश्वत शेती आणि अन्न या क्षेत्रांत कुठे कुठे नोकऱ्या आहेत ते दाखवायला शेवटच्या वर्षाची मुलंच दरवर्षी तो भरवायची. मोठ्या सभागृहात टेबलं मांडायची. कंपोस्टवाले, गच्चीवर भाज्या पिकवणारे, मधमाश्या पाळणारे, वाया जाणारं अन्न गोळा करून पोचवणारे, सुकवलेली फळं विकणारे. सुकवलेल्या फळांच्या टेबलाशी करिअरची ओढ सगळ्यात जास्त, कारण तिथे चव बघायला मिळायची. मागच्या वर्षी मावशींनाही एक टेबल दिलं होतं. दिवसभरात त्यांच्याकडे चौदा जण आले. त्यातल्या अकरा जणांनी शौचालय कुठे आहे ते विचारलं.

यंदाच्या मेळाव्याची प्रमुख एक मुलगी होती. तिला सगळे ‘यादी’ म्हणत, कारण तिच्या हातात कायम कामांची यादी असायची आणि एक काम खोडलं की खाली दोन वाढायची. धांदरट नव्हे, पण अंगात वारं शिरल्यासारखी. मेळाव्याच्या आठ दिवस आधी ती दोन खोकी छातीशी धरून मावशींच्या खोलीत शिरली.

“मावशी, हे तुमच्या कोरड्या कपाटात ठेवू का? कॉलेजात दुसरीकडे कुठेही ठेवलं तरी ओल लागते.”

“काय आहे?”

“बिल्ले! पाहुण्यांनी छातीवर लावायचे. रद्दीचा लगदा करून आम्हीच कागद बनवलाय आणि त्यात मोहरी घातलीय. मेळावा संपला की बिल्ला कुंडीत पुरायचा, पाणी घालायचं, रोप येतं. कचरा शून्य!” तिचा चेहरा नुसता फुलला होता. “चारशे आहेत. दोन रविवार गेले माझे.”

“मोजलेस?”

“साधा—” म्हणता म्हणता तिने जीभ चावली. “मोजते,” म्हणाली आणि खरंच तिथेच फरशीवर बसून मोजायला लागली. तीनशे ब्याण्णव निघाले. मावशींना पोरगी आवडून गेली. पण चेहऱ्यावर त्यांनी काही दिसू दिलं नाही.

खोक्यात कागदाचे काही कोरे तुकडे उरले होते. ते घेऊन मावशी टेबलाशी बसल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या मनात काही वाईटही नव्हतं. पण बी समोर आलं आणि तपासलं नाही, असं एकतीस वर्षांत झालं नव्हतं. त्यांनी कागद भिजवला, चिमट्याने मोहरीचे शंभर दाणे सोडवले, ओळींत मांडले, गुंडाळी केली, तारीख घातली आणि कपाटात उभी केली. सातवा दिवस मेळाव्याच्या आदल्या दिवशी येत होता.

पाचव्या दिवशी पहिली मोजणी असते. मावशींनी गुंडाळी उलगडली, पाहिली आणि परत गुंडाळली. शेवटची मोजणी होईपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही, हा खोलीचा नियम होता. उशिरा उगवणारे असतात. माणसांत असतात तसेच.

त्या संध्याकाळी त्या घरी पोचल्या. “आज किती?” शिंपीकाकांनी विचारलं. मावशींनी दुसऱ्याच पिशवीचा आकडा सांगितला आणि पर्समधून कागदाचा एक कोरा तुकडा काढून मशीनवर ठेवला. “अहो, हा कागद बघा बरं. घरी बनवलेला कागद इतका सपाट कसा?”

काकांनी तुकडा दिव्याखाली तिरपा धरला, अंगठा फिरवला. चाळीस वर्षं कापड हाताळलेला अंगठा तो. “इस्त्री,” ते म्हणाले. “आणि चांगली तापलेली. ही चमक बघ. आणि इथे कडेला टोक टेकलं होतं तो डाग.” मग बायकोच्या तोंडाकडे पाहून त्यांनी तुकडा खाली ठेवला. “का गं? कुणाचं काही जळलं का?”

“परवा सांगेन,” मावशी म्हणाल्या आणि आत जाऊन कणीक मळायला बसल्या. गरजेपेक्षा पुष्कळ जास्त मळली.

सातव्या दिवशी दुपारी त्यांनी यादीला निरोप पाठवला. ती आली ती पळतच, मागे तिचा समितीतला सोबती. त्याला सगळे ‘पोस्टर’ म्हणत, कारण महाविद्यालयातली एकही भिंत त्याने कोरी ठेवली नव्हती. मावशींनी दोघांना स्टुलांवर बसवलं, गुंडाळी उलगडली आणि चिमटा यादीच्या हातात दिला.

“मोज.”

मोजायला फार काही नव्हतं. दोन बारीक हिरवे कोंब, आणि अठ्ठ्याण्णव दाणे काळे, गप्प.

“हे आपले बिल्ले?” यादीचा आवाज एकदम लहान झाला. “शंभरात दोन?”

“इस्त्री केली होतीस?”

यादीने मान खाली घातली. “कागद वाकडा व्हायचा. छपाईच्या यंत्रात जात नव्हता. म्हणून ओला असतानाच इस्त्री फिरवली. सगळ्यांवर.” आणि मग तिला ते उमगलं. बीजप्रक्रियेच्या परीक्षेत पहिली आलेली मुलगी ती. ओल्या दाण्याला ताव लागला की काय होतं यावर तिने तीन पानं उत्तर लिहिलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे मीच मारलं त्यांना. दोन रविवार बसून मारलं.”

पोस्टरने घाईघाईने दार लोटून घेतलं. “ए, रडू नको. कुणाला कळणार आहे? लोक बिल्ला घरी नेतील, निम्मे विसरतील, निम्मे म्हणतील आपलंच पाणी कमी पडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!”

“खरंय,” मावशी म्हणाल्या. “पण या खोलीत आम्हाला पगार मुठी उघडायचाच मिळतो.” मग यादीकडे वळून, आवाज जरा उतरवून, “बिल्ले तुझे आहेत पोरी. मी फक्त आकडा सांगितला. पुढे काय करायचं ते तू ठरव.”

यादी बराच वेळ त्या दोन कोंबांकडे बघत बसली. तिने कार्यक्रमपत्रिकेवर ठळक अक्षरांत ‘बिल्ला पेरा, भविष्य उगवेल’ असं छापलं होतं. पोस्टर तिला खुणा करत होता. शेवटी तिने नाक पुसलं, आपल्या कामांचा कागद काढला, त्याच्या तळाशी काहीतरी लिहिलं आणि विचारलं, “मावशी, उद्या तुमचं टेबल कितवं आहे?”

“बारावं. शौचालयाच्या वाटेवर.”

“पेनं आहेत का तुमच्याकडे? चार-पाच लागतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला लागला. त्याच्या खालच्या कडेला, पाच वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, पण शब्द तेच: ‘या बिल्ल्यातून काही उगवणार नाही. का, ते टेबल क्रमांक बारावर विचारा.’

आता माणसाला ‘विचारा’ म्हटलं की तो विचारल्याशिवाय राहतोय थोडाच? मावशी आपल्या टेबलामागे जाऊन बसतात न बसतात तोच गच्चीवर भाज्या पिकवणारा आला. मग कंपोस्टवाले दोघे. मग पोरांचा घोळका. मावशींनी टेबलावर ती गुंडाळी उघडी पसरली होती, दोन कोंबांसकट, आणि शेजारी चवळीची चांगली गुंडाळी. त्या काही भाषण करणाऱ्या बाई नव्हेत. “हे बघा, बी जिवंत असतं. झोपलेलं असतं इतकंच. ओलं करून भाजलंत तर झोपेतच मरतं, आणि वरून काही कळत नाही. कळायला मोजावं लागतं.” एवढंच त्या प्रत्येकाला सांगत होत्या, आणि माणसं वाकून वाकून बघत होती. सुकवलेल्या फळांच्या टेबलावरची बाई रिकाम्या टेबलाला कंटाळून स्वतःच बशी घेऊन इकडे आली.

यादी मध्येच धावत यायची. “किती झाले मावशी?” “त्रेचाळीस.” थोड्या वेळाने, “एकावन्न.” तिचा चेहरा सकाळी उतरलेला होता, तो हळूहळू वर यायला लागला. एकाने तिला तोंडावर म्हटलंसुद्धा, “प्रमुख तू ना? मग हे लपवायचं नाही का?” तिचे कान लाल झाले. मावशींनी ते पाहिलं आणि त्यांना तिला जवळ ओढावंसं वाटलं.

दुपारपर्यंत एकसष्ट जण येऊन गेले आणि शौचालय फक्त दोघांनी विचारलं. एकसष्टांतले नऊ जण म्हणाले, आम्हाला हे काम करून बघायचंय. टेबलाशी पोस्टरला बसवून त्या एकेकाला आपल्या खोलीत घेऊन गेल्या. चवळीची गुंडाळी समोर, चिमटा हातात, चिठ्ठी बरणीखाली.

पहिला म्हणाला, “साधारण ऐंशी.” तो तिथेच संपला. दुसरीने ब्याऐंशी मोजले आणि “मला नव्वद आले” ऐकताच “अय्या, हो!” म्हणाली. तिसऱ्याने तर मोजण्याआधीच विचारलं, “तुम्हाला किती हवेत?” चौथा, पाचवी, सहावा, सगळे गोड, सगळे हुशार, आणि सगळे मावशींचा नव्वदचा आकडा ऐकून पटकन तिकडे झुकणारे. वडीलधाऱ्या बाईला खोटं कशाला पाडायचं, इतकाच त्यांचा चांगुलपणा. मावशींना त्यांचा राग आला नाही. नुसतं खिन्न वाटलं. नववा गेला तेव्हा त्या स्टुलावर बसून राहिल्या आणि खोलीभर नजर फिरवली. बैठकीचं टेबल मावायला उबेचं कपाट काढावं लागेल, हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

सभागृहातली टेबलं उचलायला सुरुवात झाली होती. दारात यादी आली, घामाघूम, हातातला कागद वरपासून खालपर्यंत खोडलेला.

“मावशी, मिळालं कुणी?”

“नाही.”

यादीने कागदाची घडी घातली. “मी मोजू?”

“दया म्हणून मोजायची असेल तर नको,” मावशी तडकून म्हणाल्या. “आणि तुला तर फळवालीने नोकरी देऊ केलीय म्हणे. पोस्टर सांगत होता.”

“केलीय. आठवडाभरात कळवते म्हटलंय मी.” ती आत येऊन स्टुलावर बसलीसुद्धा. “तुमची दया मला का येईल? काल तुम्हाला माझी आली का?”

त्यांनी एक नवी गुंडाळी उलगडली. चवळीचीच, शंभराची. ती त्यांनी सकाळीच मोजून चिठ्ठी बरणीखाली ठेवली होती. यादीने बाह्या सरसावल्या. दिवसभर वाऱ्यासारखी पळणारी ती पोरगी आता एकेक रोप चिमट्याने उचलत होती, उजेडाकडे धरत होती, मूळ बघत होती, शेंडा बघत होती, मग बाजूला ठेवत होती. एका रोपाशी ती थांबली. परत उचललं, परत बघितलं. मावशी खिडकीबाहेर पाहत राहिल्या. तेवढ्यात प्राचार्य दारात येऊन उभे राहिले, हातात खोलीच्या कुलपाची किल्ली. मावशींनी बोटानेच त्यांना गप्प केलं.

“पंच्याऐंशी,” यादी म्हणाली.

“असं?” मावशींचा चेहरा कोरा होता, पण पदराखाली हात घट्ट मिटले होते. “मला नव्वद आले.”

यादीने त्यांच्याकडे पाहिलं. मग सगळी रोपं परत ओढून पुन्हा मोजायला लागली. कपाट घरघरत होतं. प्राचार्यांनी एकदा घड्याळ बघितलं.

“पंच्याऐंशी,” यादी म्हणाली. “नव्वद नाहीत मावशी. मला वाईट वाटतंय, पण नाहीत.”

मावशींच्या तोंडून सुस्कारा निघाला. एकतीस वर्षांत आपल्या आकड्यावरून न हललेली ही पहिलीच. त्यांनी बरणी उचलली आणि चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. “नव्वद मी उगाच म्हटलं होतं. बघायचं होतं, तू हलतेस का.” त्या हसत होत्या. “हा माझा खरा आकडा. शहाऐंशी. एका रोपाने चुकलीस, पण—”

“मी नाही चुकले,” यादी म्हणाली.

प्राचार्य पुढे आले. “अरे, एका रोपाने काय फरक पडतो! मावशी, तुम्हाला मुलगी पसंत आहे ना? मग सही करा.”

“पडतो,” मावशी म्हणाल्या. “पडतो,” त्याच क्षणी यादीही म्हणाली. प्राचार्य एक पाऊल मागे गेले.

यादीने ते एक रोप चिमट्यात धरून मावशींसमोर आणलं. दिसायला धट्टंकट्टं. लांब पांढरं मूळ, जाड कोंब, वर दाण्याच्या सालीची टोपी तशीच अडकलेली. “याची टोपी काढून बघा,” ती हळूच म्हणाली. मावशींनी भिंग घेतलं. सुईच्या टोकाने साल सरकवली. आत शेंडा नव्हता. कुजून काळा ठिपका उरला होता. असं रोप आठवडाभर छान दिसतं आणि मग कधीच वाढत नाही. अधूंत मोजायचं ते. सकाळी मावशींनी त्याला धडधाकटांत घातलं होतं. टोपीखाली बघायचं राहिलं होतं. किंवा बघितलं होतं आणि दिसलं नव्हतं.

मावशींनी भिंगावरून बराच वेळ मान उचलली नाही. मग चष्मा काढून पदराने पुसला, घातला आणि पुन्हा पाहिलं. ठिपका तिथेच होता. त्यांना भीती वाटली. असे आणखी किती? गेल्या महिन्यातले, गेल्या वर्षीचे? आणि त्या भीतीच्या मागोमागच काहीतरी सैल झालं. ही पोरगी बसली आहे ना इथे. हिला दिसतंय.

“मावशी,” यादी घाबरून म्हणाली, “मला तुम्हाला कमी दाखवायचं नव्हतं.”

“गप्प बस,” मावशी म्हणाल्या. “आता उगाच मन राखायला शिकू नकोस.” त्यांनी यादीचा गाल थोपटला, म्हणजे जवळजवळ चापटीच मारली. मग नोंदवही ओढली, सकाळी लिहिलेला शहाऐंशी आकडा एका सरळ रेघेने खोडला आणि वर लिहिलं, पंच्याऐंशी. पुढचा रकाना होता ‘मोजणाऱ्याची सही’. त्या वहीत, त्याआधीच्या वहीत आणि कपाटात रचलेल्या सगळ्या वह्यांत त्या रकान्याखाली एकच सही होती. मावशींनी पेन यादीच्या हातात दिलं.

प्राचार्यांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि चहा सांगायला गेले.

संध्याकाळी मावशींची चप्पल उंबऱ्याशी वाजली. मशीन चालू होतं, कुणाच्या तरी मुलाची चड्डी शिवणं चाललं होतं.

“आज किती?” शिंपीकाकांनी विचारलं.

“पंच्याऐंशी,” मावशी म्हणाल्या. चप्पल काढता काढता त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. “आणि मी मोजले नाहीत.”

शिंपीकाकांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि मान वर करून पाहिलं. मावशी रडत होत्या आणि हसत होत्या. काकांनी उठून आपलं स्टूल बायकोसाठी पुढे केलं.